एअर रायफलचा झिरो सारखा सरकतोय? टरेट फिरवायच्या आधी हे तपासा

झिरो म्हणजे नेम जिथे, छर्रा तिथे, आणि टरेट म्हणजे तो जुळवायची स्कोपवरची (नेमाच्या दुर्बिणीवरची) घुंडी. आधी लक्षणं लिहितो, कारण "स्कोप गेला" एवढंच सांगितलं तर काही कळत नाही आणि माझ्याकडे रायफल घेऊन येणारा जवळजवळ प्रत्येक जण तेवढंच सांगतो. फोंडा, डिचोली, पेडणे, कुठूनही येऊ दे, वाक्य तेच. खालच्यातलं तुमचं नेमकं कुठलं ते बघा:

– ग्रुप (छर्ऱ्यांचा पुंजका) छान येतोय, पण काल जिथे होता तिथे नाही. सगळे छर्रे मिळून दोन-तीन बोटं सरकलेत.
– सुरुवातीचे छर्रे बरोबर लागतात आणि मग एकाच दिशेने हळूहळू चालायला लागतात.
– एकाच कागदावर दोन वेगळे ग्रुप. चार इथे, चार तिथे, मधे काही नाही.
– ग्रुपच नाही, कागदाची चाळण.
– टरेट चार क्लिक फिरवला तर काहीच होत नाही, परत चार फिरवला तर काहीच नाही, आणि मग एकदम भलतीकडे उडी.
– क्रॉसहेअर (स्कोपमधल्या उभ्या-आडव्या रेघा) स्थिर आहे पण डोळा जरा हलवला की टार्गेटवरून सरकतो.

यातलं काहीही होत असेल तर पहिलं काम म्हणजे टरेट फिरवणं बंद करा. मनापासून सांगतोय. जी वस्तू हलतेय ती सापडायच्या आधी तुम्ही टरेट फिरवला की एक चूक झाकायला दुसरी घातली, आणि मग कुठली कुणाची ते शोधता शोधता छर्ऱ्यांचे डबे संपतात. या तक्रारीत स्कोप खरोखर बिघडलेला फार कमी वेळा निघतो. बहुतेक वेळा स्कोपच्या खालचं काहीतरी सैल असतं.

हे सगळं मुख्यतः स्प्रिंग गनबद्दल आहे, म्हणजे बॅरल मोडून (बिजागरीवर वाकवून) किंवा खालचा-बाजूचा दांडा ओढून कॉक करायची (आतली स्प्रिंग दाबून अडकवायची) रायफल, आपल्याकडे बहुतेकांकडे तीच असते. तिची गंमत अशी की ती दोनदा धक्का देते. पिस्टन पुढे सुटतो तेव्हा रायफल मागे येते, आणि पिस्टन सिलिंडरच्या टोकाला जाऊन थांबतो तेव्हा रायफल पुढे झटका खाते. हा पुढचा झटका वाईट. खऱ्या बंदुकीसाठी बनवलेला महागडा स्कोपसुद्धा यात आतून खिळखिळा होऊ शकतो, कारण तो फक्त मागच्या धक्क्याचा विचार करून बनवलेला असतो. म्हणून स्कोप घेताना तो स्प्रिंग एअर रायफलसाठी चालतो असं बॉक्सवर स्पष्ट लिहिलेलं पाहिजे, "हेवी ड्युटी" वगैरे शब्दांना काही अर्थ नाही.

फुकटातले चेक आधी

रायफल रिकामी आहे ना ते बघा. बॅरल मोडून छर्रा भरताना दुसऱ्या हाताने बॅरल घट्ट धरून ठेवायचं, प्रत्येक वेळी, सिअर (दाबलेली स्प्रिंग अडवणारी खिट्टी) सुटला तर बॅरल बोटं घेऊन वर येतं. आणि टार्गेटच्या मागे नुसती चिऱ्याची (जांभ्या दगडाची) भिंत ठेवू नका. चिरा सच्छिद्र वाटतो, पण शिशाचा छर्रा त्यावरून कुठेही उडतो. जाड फळीची पेटी, तळाशी लोखंडी पत्रा, पुढे घट्ट कोंबलेल्या चिंध्या, एवढं परसात पुरतं, आणि डोळ्यांना चष्मा हवाच.

आता रायफल कशी धरताय ते बघा. स्प्रिंग गन टेबलाच्या कडेवर किंवा विटेवर थेट टेकवून मारली की ती दर वेळी वेगळी उसळते, कारण छर्रा बॅरलमधून बाहेर पडेपर्यंत रायफल हललेली असते. पुढचा हात उघड्या तळव्याने, मऊ पिशवीवर, रायफल नुसती ठेवल्यासारखी, आणि तळवा दर वेळी दस्त्याच्या त्याच जागी. आवळायची नाही. गाल पण त्याच जागी. यावर लोक विश्वास ठेवत नाहीत, पण "दोन ग्रुप पडतात" म्हणणाऱ्यांमध्ये काही जण असे असतात जे अर्धे छर्रे ट्रिगर-गार्डजवळ हात धरून आणि अर्धे पुढे धरून मारत असतात.

मग छर्रे. डब्यातले दहा छर्रे पांढऱ्या कागदावर ओता आणि बघा. कडा दबलेल्या, स्कर्ट (छर्ऱ्याची मागची पोकळ कड) वाकडा, शिशाची पूड, असले बाजूला काढा. बोअर (बॅरलचं भोक) .१७७ म्हणजे ४.५ मिमी असला तरी छर्ऱ्याचं डोकं ४.४९ ते ४.५२ पर्यंत वेगवेगळं मिळतं, आणि एका बॅरलला एक आवडतं तर दुसऱ्याला दुसरं. यात तर्क लढवून उपयोग नाही, तीन-चार प्रकारचे छोटे डबे आणा, प्रत्येकाचे दहा-दहा मारा. पाच नाही, दहा. पाच छर्ऱ्यांचा ग्रुप नशिबाने पण चांगला येतो. माझा स्वतःचा अंदाज असा की साधी पण नीट स्प्रिंग रायफल बसून टेकून १० मीटरवर मारली तर दहा छर्रे रुपयाच्या नाण्याने झाकले गेले पाहिजेत. तेवढं येत असेल तर रायफलवर खर्च करू नका.

दस्त्याचे स्क्रू, म्हणजे खरा गुन्हेगार

हा चेक कुणीही चुकवू नये. दस्त्याला पुढे दोन्ही बाजूंनी एक-एक स्क्रू असतो आणि ट्रिगर-गार्डला एक किंवा दोन. ते दुहेरी झटक्याने सुटतात, सुटणारच, ते काही खराबीचं लक्षण नाही. गोव्यात त्यात पावसाळ्याची भर. जून ते सप्टेंबर लाकडी दस्ता ओलावा पिऊन फुगतो, मग कोरडं पडलं की आकसतो, आणि फुगलेल्या लाकडावर आवळलेला स्क्रू आकसलेल्या लाकडात ढिला होतो. म्हणून चवथ (गणेश चतुर्थी) झाल्यावर रायफल बाहेर काढली की हमखास "स्कोप गेला" सुरू होतं.

मागे एक जण रायफल घेऊन आला, बरोबर नवीन स्कोप पण आणलेला, बॉक्स फोडायचा बाकी. मी जुना स्कोप तसाच ठेवला आणि डाव्या हाताने दस्त्याचा पुढचा भाग धरून उजव्या हाताने बॅरल-सिलिंडर हलक्याने पिळून बघितला. लाकूड आणि लोखंड यांच्या फटीतून तेलाची एक बारीक काळी रेघ बाहेर आली, परत आत गेली. म्हणजे तिथे दर वेळी हालचाल होत होती. बाजूचा स्क्रू एलन की (षटकोनी किल्ली) लावल्यावर नुसत्या बोटाने पाऊण फेरा फिरला. स्क्रू काढले, स्पिरिटने पुसले, घट्ट केले, तेवढ्यात काम झालं. नवीन स्कोप त्याने दुकानात परत दिला.

करायचं असं: स्क्रू पूर्ण काढा, आटे आणि भोक दोन्ही स्पिरिटने तेलमुक्त करा, निळ्या रंगाचं लॉकटाइट (स्क्रू धरून ठेवणारा गोंद) अगदी एक थेंब, मग बसवा. लाल लॉकटाइट नको, ते नंतर तापवल्याशिवाय सुटत नाही. आणि जीव काढून आवळू नका, लाकूड चिरडलं की पुढच्या वेळी आवळायला काही उरत नाही, घट्ट बसल्यावर किंचित, बस्स. नवीन रायफल असेल तर पहिल्या काही दिवसांत दर वेळी मारून झाल्यावर किल्ली लावून बघायची सवय ठेवा.

लोखंडी साइटने मारून बघा

रायफलला मूळची पुढची-मागची साइट असेल तर हा सगळ्यात भारी चेक आहे आणि पैसा लागत नाही. स्कोप माउंटसकट (त्याला रायफलवर धरणारी पकड) उतरवा आणि साध्या साइटने दहा छर्रे मारा. ग्रुप बरा आला तर भानगड स्कोप-माउंटमध्ये आहे, इथून पुढे वाचा. ग्रुप तसाच चाळणीसारखा आला तर स्कोप निर्दोष आहे, थेट खाली लिहिलेल्या "बॅरल" या भागाकडे जा. एवढ्या एका गोष्टीने अर्धी शोधाशोध वाचते, तरी लोक ही पायरी टाळतात कारण स्कोप परत लावायचा कंटाळा.

माउंट आणि रिंग

माउंट ज्यावर बसतो ती रायफलवरची रेल (पट्टी) ११ मिमीचं डवटेल, म्हणजे तिरप्या कडांची आहे, की रुंद खाचांची पिकॅटिनी, ते बघा. डवटेलवर पिकॅटिनीचा माउंट बसवलेला मी बघितलाय, दिसायला बसतो, दोन कडांवर टेकून असतो आणि कधीही सुटतो.

स्प्रिंग गनवर स्कोप हळूहळू मागे सरकतो, कारण रायफल पुढे झटकते आणि स्कोप आपल्या जडपणाने मागे राहतो. हे सरकणं डोळ्याला दिसत नाही. म्हणून माउंटची मागची कड जिथे रेलला टेकते तिथे दोन्हीवरून जाणारी नेलपॉलिशची एक बारीक रेघ ओढा. तशीच एक रिंग (माउंटचं नळीला वेढणारं कडं) आणि स्कोपच्या नळीवर. वाळू दे, वीस-तीस छर्रे मारा आणि भिंगातून बघा. रेघ तुटली तर काय हलतंय ते हातात आलं. माउंटजवळची तुटली तर माउंट रेलवर सरकतोय, नळीवरची तुटली तर स्कोप रिंगमध्ये घसरतोय. दोन्हीचे उपाय वेगळे, म्हणून दोन रेघा.

माउंट सरकत असेल तर रेल आणि माउंटचे जबडे स्पिरिटने पुसा (गंज लागू नये म्हणून लोक रेलवर तेल लावतात आणि त्यावरच माउंट चढवतात, मग तो सरकणारच), आणि माउंटला खाली स्टॉप पिन आहे का बघा, रेलच्या मागच्या बाजूला तिच्यासाठी भोक असतं. पिन भोकात बसली की माउंट मागे जाऊच शकत नाही. रेलला भोक नसेल तर माउंटच्या मागे टेकणारा वेगळा स्टॉप मिळतो. शक्य असेल तर दोन सुट्या रिंगांऐवजी एकसंध लांब माउंट घ्या, स्प्रिंग गनवर तो जास्त टिकतो कारण रेलवर पकड मोठी.

रिंगमध्ये घसरत असेल तर वरच्या टोप्यांचे स्क्रू चौकटीत तिरपे-तिरपे, थोडे-थोडे आवळा, दोन्ही बाजूंची फट सारखी राहिली पाहिजे. ताकद साधारण २ न्यूटन-मीटर, म्हणजे छोट्या एलन कीचा आखूड भाग दोन बोटांत धरून जेवढा जोर येतो तेवढा. जास्त आवळलं की नळी चेपते आणि आतली यंत्रणा अडकते, मग टरेट खरोखरच काम करत नाही आणि दोष स्कोपला जातो.

डोळा हलवला की क्रॉसहेअर सरकतो

याला पॅरॅलॅक्स म्हणतात. रायफल पिशव्यांवर पक्की ठेवा, हात लावू नका, नुसतं डोकं डावी-उजवीकडे हलवा. क्रॉसहेअर टार्गेटवर फिरला तर आहे. बंदुकीचे बरेच स्कोप १०० यार्डांवर जुळवलेले असतात. असा ४० मिमी भिंगाचा स्कोप १० मीटरवर वापरला आणि डोळा अगदी कडेला गेला तर छर्रा जवळजवळ १८ मिमी चुकू शकतो. सगळं घट्ट असून! म्हणून पुढच्या भिंगावर किंवा बाजूला फोकसची रिंग असलेला, १० मीटरपर्यंत खाली येणारा स्कोपच घ्यावा. आहे तोच स्कोप चालवायचा असेल तर गालाची जागा पक्की करा, दस्त्यावर कापडाची घडी बांधून गाल दर वेळी त्याच उंचीवर येईल असं बघा.

टरेट टोकाला गेलाय का

बॅरल मोडायच्या रायफलींमध्ये बॅरल स्कोपच्या रेषेपेक्षा किंचित खाली झुकलेलं असतं, हे फार कॉमन आहे. छर्रा खाली लागतो म्हणून आपण वरचा टरेट फिरवत राहतो, फिरवत राहतो, आणि तो जवळजवळ टोकाला जातो. स्कोपच्या आत क्रॉसहेअरची नळी एका छोट्या स्प्रिंगने दाबून धरलेली असते, टरेट टोकाला गेला की त्या स्प्रिंगचा ताण संपतो आणि नळी प्रत्येक झटक्याला थोडी डुलते. तेच ते "चार क्लिक काही नाही, मग एकदम उडी".

तपासायला टरेट एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत हलक्या हाताने फिरवत क्लिक मोजा, अर्धे मागे या, तो मध्य. आता तुमचा झिरो मध्यापासून किती लांब होता ते बघा. शेवटच्या एक-चतुर्थांश भागात असेल तर झुकाव भरून काढणारा, मागून उंच असलेला माउंट घ्या. तात्पुरतं म्हणून मागच्या रिंगमध्ये, नळीच्या खाली फोटोच्या निगेटिव्हची एक पट्टी चालते. एकापेक्षा जास्त घालू नका, नळी वाकते.

एक हिशोब लक्षात ठेवा. पाव मिनिटाचा (कोनाचं मिनिट, वेळेचं नाही) क्लिक १०० मीटरवर साधारण ७ मिमी हलवतो, म्हणजे १० मीटरवर फक्त ०.७ मिमी. परसात १० मीटरवर ३ सेंटीमीटर सरकवायचं तर चाळीसेक क्लिक लागतात. चार क्लिकने काही झालं नाही म्हणजे स्कोप बिघडला असं नाही. आणि फिरवल्यावर दोन-तीन छर्रे मारून मगच निकाल लावा, नळी झटक्याने जागेवर बसायला वेळ घेते.

बॅरल

साध्या साइटनेही ग्रुप येत नसेल तर बॅरल. कापसाची काडी तोंडाच्या आतल्या कडेवर गोल फिरवा, धागा एका जागी अडकला तर तिथे ओरखडा आहे. समुद्राजवळ राहणाऱ्यांनी खाऱ्या वाऱ्याने आलेला गंज इथेच आधी शोधावा. मग नायलॉनच्या दोरीने कापडाचा तुकडा मागून पुढे ओढा, काळा यायचा थांबेपर्यंत. लोखंडी सळी घालू नका. तेल किंवा डब्ल्यूडी-४० हवेच्या भोकात मारू नका, दाबाने ते पेटतं आणि सील आणि स्प्रिंग दोन्हीला मार बसतो. साफ केल्यावर पहिले वीसेक छर्रे इकडेतिकडे जातील, ते धरू नका. हात धुवा, शिसं आहे.

रायफल बंद करून बॅरल बाजूला ढकलून बघा, कटकट आवाज आला तर बिजागरीचा बोल्ट ढिला. बाहेरून दिसणारा बोल्ट थोडा आवळता येतो. ब्रीचच्या (बॅरल सिलिंडरला मिळतं त्या सांध्याच्या) रबरी रिंगजवळ टिश्यूची पट्टी ठेवून मारा (टार्गेटकडेच, छर्रा भरून), पट्टी उडाली तर हवा गळतेय, रिंग बदला.

नवीन घेत असाल तर

हेच सगळे चेक दुकानात करा. बॅरल हलवा, रेलला स्टॉप पिनचं भोक आहे का बघा, दस्त्याचे स्क्रू, ट्रिगर. माझ्या मते अचूकता हवी असेल तर फिक्स्ड बॅरलची, खालून किंवा बाजूने कॉक होणारी, थोडी जड आणि कमी ताकदीची रायफल घ्या. ताकद वाढली की झटका वाढतो आणि वर लिहिलेली सगळी दुखणी वाढतात. १० मीटरच्या स्पर्धेतली रायफल छर्रा जेमतेम १७० मीटर प्रति सेकंदाने सोडते आणि तिथे दहाचं वर्तुळ अर्ध्या मिलिमीटरचं असतं. २००८ साली बीजिंगला अभिनव बिंद्राने सुवर्ण जिंकलं ते याच प्रकारात. आणि त्या प्रकारात स्कोप चालत नाही, मागे डायॉप्टर (बारीक भोकातून बघायची) साइट असते, त्यामुळे मुलाला किंवा मुलीला स्पर्धेत उतरवायचं असेल तर स्कोपवर पैसे घालूच नका.

बॉक्सवरच्या "१२०० फूट प्रति सेकंद"वर जाऊ नका. आपल्याकडे विनापरवाना रायफलची मर्यादा .१७७ बोअर आणि २० ज्यूल. नेहमीचा ०.५३ ग्रॅमचा छर्रा १२०० फुटांनी जायचा तर ३५ ज्यूल लागतील. म्हणजे तो आकडा हलक्या छर्ऱ्याचा किंवा नुसताच छापलेला. जास्त ताकदीची स्प्रिंग टाकून देतो म्हणणाऱ्याला नाही म्हणा, २० च्या वर गेलं की परवान्याचा मामला होतो. आणि कुळागरात (सुपारी-नारळाच्या बागेत) माकडं येतात म्हणून कुणी घेत असेल तर घेऊ नका, १९७२ च्या वन्यजीव कायद्याखाली तो गुन्हा आहे आणि जखमी जनावर दिवसेंदिवस तडफडतं. कागदावर मारा.

पावसाळ्यात रायफल फोमच्या केसमध्ये किंवा रेक्झिनच्या पिशवीत बंद करून ठेवू नका, ओल आतच राहते. पुसून, लोखंडावर तेलाचा पातळ हात मारून (रेल आणि माउंट सोडून) कपाटात कुलूपबंद. स्कोप सिलिका जेलबरोबर हवाबंद डब्यात, नाहीतर भिंगावर बुरशी धरते.

इथे थांबा आणि माणसाकडे जा

बॅरल बंद करताना रायफल आपोआप सुटली तर त्या क्षणापासून छर्रा भरायचा नाही. सिअर झिजलाय, हे घरी करायचं काम नाही. कॉक करताना दांडा घसरतो, आतून करकर येते, ताकद अचानक पडली, दर वेळी जळक्या तेलाचा वास येतो, हे सगळं आतल्या स्प्रिंग आणि पिस्टन सीलचं. सिलिंडर उघडू नका. ती स्प्रिंग दाबून बसवलेली असते, स्प्रिंग दाबून धरायच्या कॉम्प्रेसरशिवाय शेवटचा पिन काढला तर मागचा भाग छातीवर येतो. पीसीपी (आधीच दाबाने हवा भरून ठेवायची रायफल) असेल तर हवा भरलेली असताना एकही स्क्रू सोडू नका. दोन्ही कामं परवानाधारक शस्त्र-दुकानाच्या कारागिराची.

स्कोप कानाशी धरून हलवल्यावर आत खुळखुळला, आतून धुकं धरलं (म्हणजे आतला वायू गेला), किंवा टरेट टोक न येता फिरतच राहिला, तर तो उघडून बघू नका. वॉरंटी असेल तर परत, नसेल तर दुसरा.

कारागिराकडे जाताना शेवटचे चार-पाच कागद बरोबर न्या, प्रत्येकावर तारीख, कुठला छर्रा, किती अंतर आणि त्या दिवशी काय बदललं ते लिहून. "स्कोप गेला" ऐकून तो काही करू शकत नाही, कागद बघून पाच मिनिटांत सांगतो.